प्रत

तिघऱ्याच्या बंधाऱ्यावर, रात्रीचे दोन सतरा.
ग्वाल्हेरचा उजेड पाठीमागे. सतरंजी, दोन रजया,
लाल कागद चिकटवलेला टॉर्च
आणि मुरैन्याच्या गजकचा अर्धा डबा.
त्यातले तीळ माझ्या हातमोज्याला चिकटून बसलेत.

मिथुनेतून एक सुटली.
गुन्याच्या बाजूला, बरीच खाली.
वहीत लिहिलं: प्रत अधिक दीड. पिवळसर. शेपूट नाही.

प्रतीचं गणित उलटं,
आकडा घसरतो तसा उजेड चढतो.
लष्करातल्या आमच्या शाळेत हे शिकवताना
दरवर्षी एक तरी मूल विचारतंच,
"मग सर, नापास झालेला सगळ्यांत तेजस्वी?"

त्यांना वाटतं, आकाशातून दगड पडतात.
मी तीळ दाखवतो.
हाच तीळ नोव्हेंबरात, सिंहेतून, समोरून धडकतो
सेकंदाला सत्तर किलोमीटरनं,
तेव्हा रस्त्यातला माणूस थांबून वर बघतो.
आजच्या, पस्तीसच्या चालीनं आला असता
तर या धुक्यात दिसलाही नसता.
वेग दुप्पट, उजेड मात्र आठपट, दहापट,
याहून नेमकं मला सांगता येत नाही.
तो किती ठिसूळ, किती तिरपा शिरला,
सोडियम किती, लोखंड किती,
सगळं एकाच क्षणात जळतं,
वेगळं काढून ठेवता येत नाही.

पावणेतीनला गुन्याहून फोन. हेमलता बिडवई,
बारा वर्षं बँकेत रोखपाल.
"दोन सतराची बघितलीस? अगदी डोक्यावरून. उणे एक."
"अधिक दीड," मी म्हणालो.
"चष्मा पूस."

पुसला. मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
तिच्यापासून शंभर किलोमीटर, सरळ वर.
माझ्यापासून सव्वादोनशे, तेही आडवं,
आणि मधल्या हवेनं आपली दलाली कापून घेतलेली.
अडीच प्रतींचा फरक. बसतो. ओढूनताणून, पण बसतो.

"म्हणजे दोघंही बरोबर?"
"म्हणजे दोघांकडे एकेक प्रत आहे," मी म्हणालो,
"मूळ जळून गेलं."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग तिनं विचारलं, "वजन किती लिहू?"
हातमोज्यावरचा एक तीळ मी नखानं सोडवला,
नाही, याहून जड असणार.
"हरभऱ्याएवढं लिही."
रोखपालाला अंदाज आवडत नाहीत.
पेन्सिलीनं लिहिते, म्हणाली.