पांढरी पाचच्या जरा वर

आमच्या आठवड्यात लाइट रात्री असायची,
दहाला येई, कधी अकराला.
केळीच्या बागेत मोटारीची खोली, गोणपाटावर ट्रान्झिस्टर,
एरियलला गुंडाळलेली तांब्याची तार
बाहेर लिंबाच्या फांदीपर्यंत नेलेली.
स्टार्टर दाबला की रेडिओत नुसती कडकड,
ती निवली की तिच्यामागून तो:
‘नमस्कार. मी चिंतामण झोपे.
आडनावावर जाऊ नका. जागे राहा.’

रोज तोच विनोद.
रोज मी एकटाच हसायचो
दांड फोडायला फावडं उचलत.

कोमल म्हणजे काय, तीव्र म्हणजे काय, सांगत बसायचा नाही.
म्हणायचा, आता एक स्वर उंबरठ्यापर्यंत येऊन परत जाईल, बघा.
आणि तो जायचा.
मालकंसाबद्दल म्हणाला होता,
पंगतीत दोन पाट रिकामे आहेत,
त्यांवर कुणी बसत नाही,
कुणी ते उचलतही नाही.

राग संपला की तो लगेच बोलायचा नाही.
तीन सेकंद, कधी चार.
तेवढ्यात मला ऐकू यायचं
वाफ्यात पाणी चढल्याचं,
केळीचं एखादं पान उभं फाटल्याचं,
आणि मोटारीचं.

एकदा कार्ड टाकलं.
माननीय झोपेसाहेब,
आमची पाच हॉर्सपॉवरची मोटार कोणत्या सुरात बोलते?
पंधरा दिवसांनी, बुधवारी:
‘न्हावीचे वामन भंगाळे विचारतात...’
मी चिखलात तसाच उभा.
‘भंगाळे, मी पेटी घेऊन गावाबाहेरच्या पंपावर जाऊन आलो.
सगळ्या मोटारींचं एकच घराणं.
पांढरी पाचच्या जरा वर.
व्होल्टेज पडलं की मींड घेते, ती चुकीची,
पण तिच्यावर रागावू नका.’

त्या रात्री पाणी शेजारच्या बागेत गेलं.
गेलं तर गेलं.

एकदाच जळगावला त्याला बघायला गेलो.
फाटकाशी दोन तास.
मनात होता उंच माणूस, खांद्यावर शाल.
बाहेर आला तो ठेंगणा, सायकलवर, हँडलला पिशवी,
आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीशी थांबून
त्याच आवाजात, दरबारीच्या त्याच आवाजात, म्हणाला,
‘भरताले देठवालेच वांगे पाह्यजे बापा,
हे काय देऊन राह्यला?’
मी बोललो नाही.
बोललो असतो तर तो माझ्याशी बोलला असता,
आणि मग रात्रीचा कोण?

शोकसभेला वीसेक माणसं.
अर्ध्या खुर्च्या तशाच रिकाम्या.
शेजारच्या बाईंनी माझं नाव ऐकलं आणि वळून म्हणाल्या,
‘मोटारवाले भंगाळे?’
मी म्हटलं, ‘तुम्ही?’
‘मार्था साळवे. भुसावळ, रेल्वे दवाखाना, रात्रपाळी.’
बागेश्री मागणाऱ्या!
दर महिन्याला त्याच!
आम्ही दोघं हसलो, चारचौघांत, दुखवट्यात,
लग्नात जुनी सोयरीक निघावी तसे.
मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.
फार झाली दोन मिनिटं.
त्याचं चार सेकंदांत व्हायचं.

आता ठिबक आहे. स्टार्टर आपोआप उठतो, मी घरी झोपतो.
पाणी खाली गेलं तशी मोटारही गेली,
कितीतरी शे फूट, बोअरमध्ये,
वर नुसता पाइप.
परवा जाग आली म्हणून गेलो.
वाकून पाइपाला कान लावला.
लोखंड गार, आणि आत, फार खाली, काहीतरी होतं.
पाच असेल. जरा वर असेल.
कार्ड टाकायला आता पत्ता नाही.

मागून नातू बॅटरी घेऊन आला.
‘बाबा, पाणी येतंय ना?’
थांब, म्हटलं.
तीन. चार.
येतंय.