डावा कोपरा

हिराजी चोगले, बावीस वर्षं डावा कोपरा.
जर्सीचा रंग बदलला तीनदा,
पाठीवरचं 'जय भैरव, हर्णै' तेच.

मुंबईच्या बँकेचं पत्र आलं
तेव्हा जाळं सांधत होता.
म्हणाला, चढाईला गेलं की
परत आपल्या रेषेला हात लागायला हवा,
इतक्या लांबून माझा दम पुरायचा नाही.

त्याच्या जागी मी गेलो.
आता पेन्शन आहे, पार्ल्यात फ्लॅट.

काल बंदरावर लिलाव संपत आलेला.
माझ्या पायाशी बांगड्याची पाटी,
ती उचलायला तो वाकला
तसाच, जुन्या सवयीनं,
डावा गुडघा वाळूत, नजर माझ्या घोट्यावर.

"गाडी कितीची तुझी?" एवढंच विचारलं त्यानं.

मी पाय मागे घेतला.
रेषा कुठं होती, आठवेना.