उफराटी भाजावळ

आचऱ्याच्या घरी, पडवीत, बाबांसमोर
रुमालाची घडी उलगडून मी काच ठेवते.
करंगळीच्या नखाएवढी.
किंमत सांगत नाही.

"ह्यां काय गो?"

वाळूच आहे, बाबा, तुमच्या ओळखीची.
वितळून, गोठून, नितळ झालेली.
निर्वात नळीतून तिच्यावर एर्बियमचे आयन सोडले,
दोन लाख व्होल्टचा रेटा देऊन,
रात्रभर.
केसाच्या जाडीचा हजारावा भाग,
तेवढेच आत गेले
आणि रुतले.

"मगे लागलो दिवो?"

नाही. काच आतून दुखावली होती,
बंध तुटलेले, सगळी वीण विस्कटलेली.
नऊशे अंशांच्या भट्टीत तासभर ठेवली,
तेव्हा कुठे.

बाबा हसले. हसताना खोकला आला.
तो जाईपर्यंत आम्ही दोघं
अंगणात वाळणाऱ्या सोलांकडे बघत राहिलो.
मग म्हणाले,
"उफराटी गो तुमची शेती.
आमी आदी तरवो भाजतंव, मगे पेरतंव.
तुमी पेरून भाजलास?"

अकरा वर्षं शिकवते आहे मी हे,
वर्गात कुणाला हा प्रश्न पडला नाही.

काच चिमटीत धरून त्यांनी उन्हाकडे केली,
एक डोळा मिटला.
"खंय आसा उजवाड? माका दिसणा नाय."

कुणालाच दिसत नाही. नजरेच्या पलीकडचा आहे तो.
मलाही यंत्राने आलेखावर
एक उंचवटा काढून दाखवला फक्त,
आणि तेवढ्यावर मी सगळ्यांना चहा पाजला.
समुद्राच्या तळाशी तारा आहेत ना,
त्यांतून माणसांची बोलणी
याच उजेडाच्या जोरावर लांब जातात.

"म्हणजे रापणीत गावाचो नाय," ते म्हणाले.

खुंटीला पिशवी. पिशवीत मालवणहून आणलेला एक्स-रे.
वाळू धुण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं,
तोंडाला नुसता पंचा.
डॉक्टरांनी खिडकीशी धरून दाखवले होते ठिपके,
दोन्हीकडे, वरच्या बाजूला दाट.
तिथे कुणी व्होल्ट लावले नव्हते.
श्वास पुरला.
आणि त्याला भट्टी नाही.
हे मी बोलले नाही.

बाबांनी काच लुंगीच्या टोकाने पुसली,
"रुमालातसून सांडात" म्हणत
कमरेची डबी काढून तिच्यात टाकली.
बाबा, चुना आहे आत.
"आसांदे,"
म्हणाले, आणि झाकण दाबून बसवलं.