मूळ की दांडा

"टाकून दे, द्झिद्रा," आग्नेसे म्हणाली,
"जानेवारीत नवं येणारेय, जांभळं."
मी दवाखान्याचा दिवसभराचा कचरा बांधत होते.
कापसाचे बोळे, कागदी पेले, कुणाच्या तरी वाकड्या दातांचा साचा,
आणि त्यावर हे ऑर्किड.
दोनच पानं. तीही सुरकुतलेली,
बोलून बोलून कोरड्या पडलेल्या जिभेसारखी.

कोटाच्या आत घालून घरी आणलं.
दौगवाच्या पुलावर बस हेलकावली
तसा मी पोटाशी हात धरला.
समोरची मुलगी लगबगीनं उठली, बसा म्हणाली.
एकसष्टाव्या वर्षी!
बसले मी.
दोघांनाही गरज होती.

स्वयंपाकघरात कुंडी उपडी केली तर
तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा वास.
कात्री गॅसवर धरली, निवू दिली.
एकेक मूळ चिमटीत दाबून पाहिलं.
घट्ट लागलं ते राहू द्यायचं,
पाणी सुटून नुसता दोरा हातात आला ते कापायचं.
अठरातली तीन उरली.
कापल्या तोंडांवर दालचिनी,
नाताळच्या बिस्किटांसाठी आणलेली.
बिस्किटं यंदा तशीही कोण खाणार होतं?

पाणी पाजून पाजून मारत आणलं होतं त्याला.
जो तो येता-जाता ओतायचा,
दाढ सुन्न होईपर्यंत वेळ जात नाही म्हणून.
अति तिथं माती म्हणावं,
तर याला मातीही सोसत नाही.

ओलसर शेवाळावर टेकवलं,
भोवती पारदर्शक पिशवी, तोंड जरा उघडं.
खिडकीत नाही, रात्री काच चावते.
रेडिएटरजवळ नाही, तो सगळं शोषून घेतो.
फ्रिजवर ठेवलं,
वर माझा शिवणकामाचा दिवा.
इथला सूर्य सकाळी नऊला हजर होतो
आणि चार वाजायच्या आत सुटतो.
उरलेली पाळी दिव्यानं करायची.

दर रविवारी आयर्लंडहून इनेताचा फोन.
ती मशरूमच्या शेडमध्ये आहे,
तिथं अंधारच लागतो म्हणते.
"फुलणार कधी, आई?"
"मरत नाहीये," मी सांगते.
मग ती तिच्या पाठदुखीचं सांगते,
किंवा सांगत नाही.

फेब्रुवारीत, पानाच्या बुडाशी,
एक हिरवा ठिपका.

वरच्या मजल्यावरचे अर्काडी भिंग घेऊन आले.
तीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस,
श्वास रोखून वाकला.
"दांडा असेल तर टोक हातमोज्यासारखं होईल,
अंगठा एका अंगाला.
मूळ असेल तर गोल.
आत्ताच सांगता येत नाही."
चहा पिऊन गेले.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्याही.
साखर संपली माझी.

मी आयुष्यभर हातमोजे विणत आलेय,
तेव्हा रात्री मला अंगठा दिसायचाच.
रविवारी इनेताला सांगितलं नाही.

गोल निघालं.

अर्काडी भिंग पुसत बसले,
जणू चूक त्यांचीच.
"मूळ आहे," म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका."
वाईट?
तान्ह्याच्या हिरडीत दात चमकावा तसं ते टोक,
ओलं, हिरवं, कशाला तरी धरायला निघालेलं.
तीन मुळांवर कुणी फुलून दाखवलं असतं
तर मी घाबरले असते.
वाकून, दोन बोटांनी,
पानांच्या बेचक्यातला पाण्याचा थेंब टिपला.
"आता चार झाली," मी म्हटलं.

दवाखान्यात जांभळं आलंय.
आग्नेसे शुक्रवारी त्याला काठोकाठ पाणी घालते,
सोमवारीही, आठवण झाली तर बुधवारीही.
रात्री सगळे गेल्यावर
मी आधी त्याची बशी ओतून देते,
मग फरशी पुसायला घेते.