किरकोळ

माग भंगारात गेले, किलोवर.
चौघांचे जे काही आले त्यातले
अकरा हजार शालनने रुमालात बांधले,
म्हणाली, हे घरात जिरायला नकोत,
समुद्र दाखवा.

बत्तीस वर्षांच्या संसारात
समुद्र हा विषय कधी निघाला नव्हता.

मग पोलादपूरवरून उतरलो.
जुनी स्प्लेंडर, कॅरिअरला स्टोव्ह,
सतरंजी, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी,
आणि माझ्या पाठीला टेकलेली ती,
मांडीवर पिशवी, पिशवीत वही.
हरिहरेश्वराला पाणी लागलं
तिथे हँडल डावीकडे वळवलं.
ठरलं एवढंच, की पैसे संपेपर्यंत
समुद्र उजव्या हाताला ठेवायचा.

रोज रात्री लिहायची, टॉर्च दातात धरून :
पेट्रोल दोनशे. केळशीला पंक्चर, साठ.
टोमॅटो दहा. देवापुढे दोन.
राहणे, शून्य.
हे शून्य ती मोठं काढायची, दोनदा गिरवून.
शाळेच्या पडवीत शून्य,
आडिवऱ्याला देवळाच्या मंडपात शून्य,
हर्णैला होड्यांच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगावर,
बोंबलाच्या वासात एक,
ते तर तीन दिवस अंगाला येत होतं.

इथला रस्ता सरळ जातच नाही.
सड्यावर चढतो, जांभ्याच्या लालीतून घसरतो,
आणि खाडी आली की तुटतो
ताण्यातला धागा तुटावा तसा.
मग पलीकडून तर येते डुलत,
दोन टेंपो, चार बकऱ्या
आणि मुंडावळ्या सांभाळत उभा एक नवरदेव घेऊन,
आणि गाठ मारून देते.
बाणकोटला गाठ. दाभोळला. जयगडला.
जन्मभर मी हेच केलं,
तुटलं की थांबवायचं, सांधायचं, चालू करायचं.
फक्त इथे थांबल्यावर
व्यापाऱ्याचा फोन येत नव्हता.

पावसच्या पुढे भांडलो.
सुरमईच्या थाळीवरून, साडेचारशेची,
मी न विचारता मागवलेली.
तिने अर्धी खाल्ली, अर्धी माझ्याकडे सरकवली
आणि आंबोळगडपर्यंत
खांद्याऐवजी कॅरिअरचा दांडा धरून बसली.

पहाटे हात टाकला तर सतरंजी गार.
सुरूच्या बनातून धावत आलो.
किनाऱ्यावर चपला, जोडीने, नीट.
लांब पाण्यात एक काळा ठिपका,
त्याच्यापासून वावभर अंतरावर
विडी ओढत बसलेला म्हातारा, होडीत.
मला पंचगंगेतसुद्धा गुडघ्याच्या वर जाववत नाही.
ओरडलो असेन काहीतरी.
तो होडीतूनच म्हणाला,
घाबरू नको रे, बाय बरी पेवता.

ठिपका वळला. हात निघाला पाण्यातून,
मग दुसरा, घाई नाही काही,
सूत उकलावं तसा एकेक हात.

बाहेर आली, पदर पिळला,
स्टोव्ह पेटवा म्हणाली, थंडी वाजतेय.

चहा होईतो वही उघडली मी.
हर्णै : किरकोळ पन्नास.
गुहागर : किरकोळ पन्नास.
आजच्या पानावर अजून फक्त तारीख.
इतके दिवस मला वाटत होतं,
किरकोळ म्हणजे काडेपेटी, साबण,
डोकेदुखीची गोळी.
वही जागेवर ठेवली. साखर जरा जास्तच पडली चहात.
तिने लिहिलं ते माझ्यासमोर, न लपवता,
मीही बघितलं न बघितल्यासारखं.

विजयदुर्ग, देवगड, आचरा.
आता ती उठली की मीही उठायचो,
चपलांशेजारी बसून राहायचो,
घोट्यापर्यंत पाय भिजवत.
रेडीला रुमाल हलका झाला.

आंबोलीच्या घाटात, वळणावर, विचारलं,
कुठे शिकलीस?
ती काहीतरी बोलली, लांबलचक.
गाडी पहिल्या गिअरमध्ये बोंबलत होती,
वारा होता, एक शब्द तेवढा कळला, विहीर.
पुन्हा विचारलं नाही.

घरी बेरीज जुळली. शिल्लक एकशे सत्तर.
त्यातले पन्नास
चटणीच्या रिकाम्या बरणीत टाकून ठेवलेत.
बरणीला अजून बोंबलाचा वास आहे.