पांढरं राहिलं तर

रविवारी सव्वासहाला चिटणीसबाई
कमाटीबागेच्या मागच्या फाटकाशी उभ्या असतात,
खांद्याला पिशवी, पिशवीत बारा बाटल्या,
काचेची बुचं वेगळी, जुन्या मोज्यांत गुंडाळलेली.
मी रजिस्टर आणि दोरी आणतो.
भावेशभाई आमच्या आधी पोचलेला,
पण चहाच्या गाडीपाशी.

नावं चौतीस. दिवाळीनंतर एकोणीस येत होती,
आता नऊ.
हेतवीच्या वडिलांनी फोनवर विचारलं,
याचे मार्क कुठे धरतात का?
नाही हो, बाई म्हणाल्या. मग घाईनं :
प्रमाणपत्र देतो. रंगीत.
फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडून
अर्धा तास कुणाशी बोलल्या नाहीत.

पुलावरून नळी सोडायची.
ती भावेशभाईने प्लंबिंगच्या पाइपातून केलेली,
खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली त्याने,
झाकणाला अजून रविवार पुरत नाही, म्हणतो.
खाली विश्वामित्री.
नाल्याच्या तोंडाशी फेस, फेसावर कुणाचीशी चप्पल,
आणि पलीकडच्या गाळावर
ओंडका वाटावा तशी मगर.

माहिर विचारतो, मासे मरतात तिथे ही कशी जगते?
बाई नाकपुड्या दाखवतात, पाण्याच्या वर, दोन बटणं.
ती श्वास वरून घेते रे.
पोरं गप्प होतात.
कुणीतरी आपलंच नाक चाचपून पाहतं.

मग बाटलीत दोन औषधं, थेंब मोजून.
तपकिरी साका आला तर पाण्यात प्राणवायू आहे.
पांढरं राहिलं तर नाही.
एवढंच शिकवतो आम्ही, खरं सांगायचं तर.
बाकी सगळं त्या दोन रंगांभोवतीचं बोलणं.

त्या रविवारी नाल्याजवळची बाटली ओजसकडे होती.
पुलाच्या कठड्यावर रजिस्टर ठेवून
त्याने लिहिलं : फिकट तपकिरी.
अक्षर नेहमीपेक्षा सुबक.

बाईंनी बाटली उन्हाकडे धरली.
दुधासारखी पांढरी.
किती तरी वेळ धरून ठेवली,
जणू थांबलं तर रंग चढेल.
तुला काय दिसलं?
पांढरं.
मग हे?
तो दोरीची गाठ सोडवत राहिला, जी नव्हतीच.
तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणाला. दर वेळी वाटतं.

भावेशभाई हसायला निघाला होता, हसला नाही.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, रजिस्टर माझं म्हणून.
मी म्हणालो, चला, सेवउसळ थंड होईल.
सेवउसळ अजून मागवलीही नव्हती.

घरी पेटीत तेरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर आहे,
निळं, पाठीला डिंकपट्टी.
त्यात मार्चच्या पानावर माझ्या हाताने लिहिलंय : सहा पूर्णांक दोन.
त्या रविवारी आम्ही नदीवर गेलोच नव्हतो.
बाईंना विषमज्वर होता,
आणि अनुदानाच्या कागदाला सलग बारा महिने हवे होते.
एकच चौकोन रिकामा होता.
मला वाटलं, नदी काही तक्रार करणार नाही.
अनुदान आलं. त्यातून या बाटल्या आल्या.

ओजसने कुणाला सांभाळलं ते मला कळतं.
मी कुणाला सांभाळलं?

पुढच्या रविवारी आठच आली.
ओजस आला, पाचच मिनिटं उशिरा, सायकलची चेन काळी बोटांवर.
बाईंनी त्याला तीच जागा दिली, तीच बाटली,
एक शब्द न बोलता; फक्त मोज्यातलं बूच काढून
स्वतःच्या पदराला पुसून त्याच्या हातात ठेवलं.
थेंब पडले. वाट पाहिली.
त्याने लिहिलं : पांढरं.
काळ्या बोटाचा ठसा उमटला चौकोनात.
शेऱ्यात हेतवीने भर घातली : मगर एक. तोंड उघडं. झोपली असावी.

निळं रजिस्टर मी पिशवीत घालून आणलं होतं.
बाटल्या परत भरताना ते हाताला लागलं, दोनदा.
बाईंनी विचारलं, काय आहे ते?
जुनं काहीतरी, म्हणालो.
भावेशभाई दोरी गुंडाळत होता, ओली, वास मारणारी,
आणि पोरं गाडीपाशी ओरडून विचारत होती
की मगर उघड्या तोंडानं का झोपते.
उत्तर आमच्यापैकी फक्त बाईंना माहीत होतं.
त्या तिकडे गेल्या.