नुसते ओठ

सातवी ब, बार्शी. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी
पाध्येबाई म्हणाल्या, तू मागच्या रांगेत जा
आणि नुसते ओठ हलव.
हलवले.
बेचाळीस वर्षं हलवतेय. आरतीत, बारशाला,
राष्ट्रगीतातसुद्धा.
कुणाला कधी संशय आला नाही.

कीथलीत दर गुरुवारी, जुन्या चॅपलच्या तळघरात
आम्ही गोल बसतो. गोल कसला, बटाटा.
व्हीलचेअरला वळायला जागा हवी, आर्थरला हीटर हवा,
आणि इदरीस टेबलाखाली,
नऊ वर्षांचा, कानांवर निळे हेडफोन.
तो बोलत नाही. पहिल्या दिवशी त्याची आई एवढंच म्हणाली,
मोजताना त्यालाही मोजा.
ब्रॉन्विन वाकून मोजते.

आर्थरचे हात थरथरतात.
तांदूळ भरलेला बिस्किटांचा डबा त्यानं स्वतःच मागून घेतला,
म्हणाला, हे वाद्य मला झोपेतही वाजवता येतं.
हसावं की नाही, कळेना. तोच हसला.
मी घरचा पितळी खलबत्ता नेते,
चहाचं आलं कुटायचा.
त्याचा ठणका जिन्यापर्यंत पोचतो
आणि त्याच्या आड लपायला बरं पडतं.

थेल्माचे कान गिरणीत गेले.
मागांच्या खडखडाटात ती ओठ वाचायला शिकली,
सोळाव्या वर्षी.
मला म्हणायची, सगळ्यांत स्वच्छ शब्द तुझे दिसतात.
मी लाजायचे. खरंच लाजायचे.

मग त्या गुरुवारी,
बाहेर चारलाच अंधार, पाइपात पाणी गुरगुरतंय,
थेल्मा उठली आणि एकेकाच्या पाठीवर
तळवा टेकवत फिरू लागली.
सूर तिला तिथं लागतो, मणक्याच्या डावीकडे.
माझ्यापाशी आली.
थांबली.
तळवा थोडा वर सरकवला, थोडा खाली,
जसं डॉक्टर म्हणतात, मोठा श्वास घ्या.
मग पुढून येऊन माझ्या ओठांकडे पाहिलं.
काही बोलली नाही.
परत मागे गेली
आणि हात ठेवला.

तो काढेचना.

काय करणार. निघालं काहीतरी.
कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं,
शेजारच्या कुठल्याच सुराशी नातं नसलेलं,
सातवी ब-मधलं, तिथंच राहिलेलं.
ब्रॉन्विननं हात थांबवले नाहीत.
आर्थरचा डबा चालूच.
टेबलाखालून टकटक झाली, दोनदा. मग पुन्हा दोनदा.
आणि माझ्या पाठीवर थेल्माची बोटं
हळूच दाबली गेली,
चार दिवसांनी नळाला पाणी आलं की आई जशी
घागर सरकवून म्हणायची,
आलं गं.

नंतर कप विसळले. खुर्च्या एकीत एक रचल्या.
बस चुकली, पुढची घेतली.
घरी आल्यावर कळलं, खलबत्ता तिथंच राहिला.
वाटीच्या बुडानं आलं ठेचलं,
ओबडधोबड.
घसा दुखत होता.